सांभाळणाऱ्या मुलीच्या नावे घर हयातीतच करावे का?

निवृत्त लिपिक, सातारा :
माझे वय ७६ आहे. पत्नीला तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आणि तेव्हापासून धाकटी मुलगी नोकरी सोडून आमच्याजवळ राहते आहे. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहते घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये असल्याने, तिच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, असे नातेवाईक सुचवतात. माझे मत असे की, म्हातारपणी डोक्यावरचे छप्पर हयातीत कोणाच्याही नावे करू नये, पोटच्या लेकराच्याही नाही. मृत्युपत्र करावे, ते दोन साक्षीदारांसमोर होते आणि केव्हाही बदलता येते.

सांभाळणारी लेक :
काका, ते केव्हाही बदलता येते, हीच तर सांभाळणाऱ्याची धास्ती आहे. मी आठ वर्षे आईचे सारे केले; अंघोळ, कूस बदलणे, रात्री दर दोन तासांनी उठणे. त्या काळात माझा भविष्य निर्वाह निधी थांबला आणि पुन्हा नोकरी मिळण्याचे वयही निघून गेले. आईने मृत्युपत्र केले होते, परंतु ‘तिला तेव्हा समजत नव्हते’ असे म्हणून भावाने दावा लावला, आणि ज्या घरात मी तिला भरवले तिथेच आता मी कोर्टाच्या तारखा मोजते आहे.

वकील, पुणे :
ताईंशी मी सहमत आहे, मात्र बिनशर्त बक्षीसपत्र नको. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यांकडून, परत मिळवता येते. अशी अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवताना त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावला. म्हणून अट आणि आपल्या दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क दस्तातच लिहावा.

निवृत्त लिपिक :
तरीही पटत नाही. अट मोडली, हे सांगायला अंथरुणाला खिळलेल्या पत्नीला प्रांत कार्यालयात कोण नेणार? शिवाय जिने काहीच मागितले नाही, तिला ‘न सांभाळल्यास’ हे शब्द वाचून दाखवणे माझ्याच्याने होणार नाही. निधीचा विचार मात्र मी कधी केलाच नव्हता. घर माझ्याच नावे राहील. पण मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह नोंदवतो आणि पेन्शनमधून दरमहा ठरावीक रक्कम तिच्या खात्यात भरतो.

सांभाळणारी लेक :
रक्कम याच महिन्यापासून भरा, आणि मृत्युपत्र सगळ्या मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवा. माझ्या आईने ते कपाटात ठेवले होते.