'स्टार!'चे तीन तास

खर्जातला:
परवा 'तिसरी घंटा' यांनी लिहिलं की रॉबर्ट वाइजचा 1968चा 'स्टार!' पडला कारण लोकांना धीर नाही, आणि ज्यांना तो लांबला असं वाटतं त्यांना संगीत रंगभूमी कळत नाही. राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो जवळजवळ तीन तासांचा पिक्चर आहे तो! ज्या ब्रिटिश रंगभूमीवरच्या नटीची ही गोष्ट, ती गर्ट्रूड लॉरेन्स (म्हणजे पडद्यावर ज्यूली अँड्र्यूज) गाते, टाळ्या पडतात, आत येऊन कुणाशीतरी भांडते, नवा माणूस येतो, परत गाणं. दीड तासानंतर मी पुढचा सीन आधीच सांगायला लागलो तर बायको म्हणाली, मग बंद कर आणि तूच करून दाखव. आणि एवढं करून थांबतो कुठे? 1940च्या लग्नाच्या आसपास! 1951चं 'द किंग अँड आय' हे तिचं संगीत नाटक, त्याचा टोनी पुरस्कार, खेळ चालू असतानाच 1952ला बाई गेल्या, नाटकातल्याच गाऊनमध्ये त्यांना पुरलं, यातलं काहीच नाही.

तिसरी घंटा:
स्टुडिओनं तुमच्यासारख्यांचंच ऐकलं की. कापून दोन तासांवर आणला, 'दोज वेअर द हॅपी टाइम्स' असं नवं नाव देऊन परत लावला. तरी पडलाच! म्हणजे दुखणं लांबीचं नव्हतं. 'स्टार!'च्या तीन वर्षं आधी याच दिग्दर्शकाच्या 'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये ज्यूली अँड्र्यूज पोरांना सांभाळत होती, लोक तीच बघायला आले आणि समोर ही हट्टी, पिणारी बाई. आणि पिक्चरमध्ये मधूनमधून येतं ते तिच्यावरचं कृष्णधवल न्यूजरील? त्यात गोड गोड माहिती, लगेच रंगीत सीनमध्ये खरा प्रकार. ते दिसलंच नाही वाटतं तुम्हाला.

विंगेतली:
लांबीचं राहू द्या, माझा राग वेगळाच आहे. ज्यूली अँड्र्यूज सुरात गाते!! लॉरेन्सचा सूर हलायचा हे जगजाहीर होतं, 'किंग अँड आय'मधली तिची गाणी संगीतकार रॉजर्सनं मुद्दाम कमी पल्ल्यात बांधली. तरी लोक तिच्यावर जीव टाकायचे, का ते या तीन तासांत एकदाही कळत नाही. एवढं स्वच्छ गाणाऱ्या बाईचं कौतुक होणारच, त्यात नवल काय.

खर्जातला:
मग काय नटीनं मुद्दाम बेसूर गायचं? आपल्याकडे 2011च्या 'बालगंधर्व'मध्ये आनंद भाटे गायले, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तिथे कुणी कुरकुर केली नाही.

विंगेतली:
अहो नारायणराव, म्हणजे खुद्द बालगंधर्व, सुरात होते म्हणून! कुठली तुलना कुठे.

पेटीवाला:
मी बावीस वर्षं संगीत नाटकांना पेटीची साथ केली. एक बाई होत्या, नाव नको, तार सा हमखास उतरायचा. तिथे आला की मी भाता अगदी हलका करायचो, तबलजी जरा जोरात वाजवायचा, आणि त्या नुसतं मान वळवून पहिल्या रांगेकडे बघायच्या. वन्समोअर! दरवेळी त्याच जागेला. रेकॉर्डिंग ऐकलंत तर कानावर हात ठेवाल. हे कॅमेऱ्यात कसं पकडणार सांगा. आणि नाटकात वन्समोअर प्रेक्षक देतात हो, या पिक्चरमध्ये दिग्दर्शक स्वतःलाच देत सुटलाय.

तिसरी घंटा:
झालं, आता पेटीपुराण. तुम्हा लोकांना प्रत्येक धागा स्वतःच्या आठवणींकडे न्यायचाच असतो. विषय 'स्टार!'चा आहे!

पेटीवाला:
तुमचा नटीशी संबंध तिकीट काढण्यापुरता, आम्ही भात्यावर हात ठेवून बघितलंय. राग कशाला येतो?

विंगेतली:
भांडू नका. पेटीवाले म्हणतात तेच माझं म्हणणं. तो एक कटाक्ष मिळाला असता तर मी चार तासही बसले असते.

तिसरी घंटा:
डॅनियल मॅसीचं काय मग? स्वतःच्या गॉडफादरचं, म्हणजे लॉरेन्सचा मित्र आणि नाटककार नोएल कॉवर्डचं काम केलंय त्यानं, ऑस्करचं नामांकन होतं. तोही लांबला का?

खर्जातला:
मॅसी मान्य. तो आला की मी घड्याळ बघितलं नाही. 'जेनी'चं सर्कशीतलं गाणंही घ्या तुमच्या खात्यात, तिथे बायकोनं मोबाईल खाली ठेवला होता. झाली वीसेक मिनिटं. उरलेल्या अडीच तासांचं बोला.

तिसरी घंटा:
वहिनींना आयडी काढायला सांगा, त्यांच्याशी बोलतो.