कोयासानला (जपान) देवळात एक रात्र: आई-बाबांसाठी सल्ला हवा

आळशी_घोरपड:
नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओसाकाहून कोयासानला जाऊन एक रात्र शुकुबोत (यात्रेकरूंना राहायला-जेवायला देणारं बौद्ध देऊळ) राहायचं आहे. आम्ही दोघं आणि आई-बाबा (६८ आणि ७३). आईला कांदा-लसूणही चालत नाही, बाबांचे गुडघे दुखतात. देऊळ निवडताना काय बघू?

तांबडा_रस्सा:
जेवणाची चिंता सोडा (नावावर जाऊ नका). शुकुबोत शोजिन र्योरी वाढतात: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही वर्ज्य. सूप कोंबू शेवाळ आणि वाळवलेल्या शिताके मश्रूमच्या पाण्यावर करतात. गोमा-दोफू नावाला टोफू, त्यात सोयाबीन नसतंच. तीळ वाटून, कुझूच्या कंदाचं सत्त्व घालून घोटतात; लागतं खरवसासारखं लुसलुशीत. कोया-दोफू हा गोठवून वाळवलेला टोफू, स्पंजासारखा रस पितो. जैन असाल तर मात्र बुकिंग करतानाच कळवा, कारण कमळकाकडी, गाजर, बटाटा सर्रास असतात.
फसगत होते ती दुसऱ्या दिवशी दुपारी, गावातल्या हॉटेलात. उदोनवर (जाड गव्हाच्या शेवया) नुसत्या भाज्या दिसल्या तरी रस्सा बहुधा कात्सुओ माशाच्या किसाचा असतो. दुपारचा डबा ओसाकाहूनच न्या. आणि रेडी चहाची पाकिटं! खोलीत गरम पाणी मिळतं, दुधाचा चहा नाही.

घाटमाथा:
घड्याळ सांभाळा. संध्याकाळी ५ च्या आत पोचायचं, कारण साडेपाच-सहाला ताटं लागतात. उशीर झाला तर जेवण हुकतं, भिक्षू पुन्हा चूल पेटवत नाहीत. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून दुपारी १ पर्यंत निघा. नानकाई या खासगी रेल्वेच्या 'कोया' एक्सप्रेसने गोकुराकुबाशीपर्यंत साधारण दीड तास. आरक्षण आणि जादा तिकीट लागतं. साध्या गाडीने गेलात तर बहुधा हाशिमोतोला बदलावी लागते. त्यापुढे चढ आणि वळणं इतकी की गाडी अक्षरशः रांगते. मग ५ मिनिटं केबलकार आणि १० मिनिटं बस. या बसच्या रस्त्यावर पायी जायला बंदी आहे, तेव्हा 'चालत जाऊ' म्हणून बस सोडू नका. नानकाईवर जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) चालत नाही.
केबलकारचा फलाट पायऱ्यांचा आहे. मोठ्या बॅगा नाम्बाच्या लॉकरमध्ये टाका, वर एका रात्रीपुरती पिशवी न्या.

पाटा_वरवंटा:
बाबांसाठी बुकिंगच्या वेळीच तीन गोष्टी लेखी विचारा: पलंगाची खोली आहे का, संडास खोलीला लागून आहे का, जेवायला खुर्ची-टेबल मिळेल का. एरवी जमिनीवर गादी, बुटकं ताट आणि रात्री थंड व्हरांड्यातून लांबच्या संडासापर्यंत फेऱ्या. दर माणशी असतो, खोलीचा नव्हे. दोन जेवणांसह साधारण १२ ते २० हजार येन, पलंगवाल्या खोलीला जास्त. चौघांचा हिशोब तसाच करा. त्या आठवड्यात पानं लाल झालेली असतात, म्हणून आत्ताच बुक करा.
उंची जवळपास माथेरानइतकीच, ८०० मीटर, पण थंडीची तुलना नको. जाड मोजे आणि थर्मल हवेतच. भिंती म्हणजे कागदी सरकती दारं, घोरणाऱ्यांची खोली कोपऱ्यातली मागा. सामायिक हमामात आधी बाहेर बसून साबणाने अंग धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, कपड्यांशिवाय. आई बुजत असेल तर जेवणाआधी लगेच जा, तेव्हा गर्दी कमी.

घाटमाथा:
ओकुनोइनला (कूकाईंची समाधी, वाटेत जुनी स्मशानभूमी) इचिनोहाशी पुलापासून चालत २ किलोमीटर. गुडघ्यांसाठी बसने ओकुनोइन-माए थांब्यावर उतरा, वाट निम्मी होते. वाटेतले पाच थरांचे स्मृतिदगड जवळून बघा: खालून वर सिद्धम् लिपीत अ, व, र, ह, ख, म्हणजे पृथ्वीपासून आकाशापर्यंत पाच तत्त्वं. निरखलं तर आपल्या नागरीची चुलत भावंडं ओळखू येतात. गोब्योबाशी पूल ओलांडला की फोटो बंद, टोपी काढायची. कोयासानचे संस्थापक भिक्षू कूकाई तिथे ८३५ पासून ध्यानात बसलेत अशी श्रद्धा, म्हणून रोज सकाळी ६ आणि साडेदहाला त्यांच्यासाठी जेवण नेतात. सहाची वेळ तुमच्या पहाटेच्या प्रार्थनेवर येईल, साडेदहाची गाठा.

आळशी_घोरपड:
प्रार्थनेला बाबा मांडी घालू शकणार नाहीत. मागे उभं राहिलं तर चालतं का?

पाटा_वरवंटा:
उभं नको. आदल्या संध्याकाळी 'इसु' मागा, म्हणजे खुर्ची. बहुतेक ठिकाणी मागच्या ओळीत ठेवतात. गोमा असलेलं देऊळ मिळालं तर आवर्जून घ्या, तो आपला होमच: समिधा, तेल, मंत्र सगळं. खुर्ची मात्र आगीपासून लांबची घ्या, धूर डोळ्यांत जातो.