पावसाळ्यात साउंड लेव्हल मीटरच्या माइकची चटचट, कॅलिब्रेशनही घसरतंय

प्रेसशॉप_अंबड:
शॉपमधला आवाज मोजायचं क्लास 2 (साधारण अचूकतेचं) मीटर, अर्धा इंची प्रीपोलराइज्ड (आत कायम विद्युतभार असलेला) माइक. पाऊस लागल्यापासून सकाळी कॅलिब्रेटरवर (ठरलेल्या पातळीचा आवाज काढून मीटर तपासायचं यंत्र) 94.0 डीबी येतं, संध्याकाळी त्याच कॅलिब्रेटरवर 93.2. बंद केबिनमध्ये एरवी 35 च्या आसपास असायचं, आता 44 ते 50 मध्ये नाचतंय. हेडफोन लावला की चटचट. जाळी काढून स्पिरिटच्या बोळ्याने पडदा पुसू का? आणि आजची रीडिंग धरायची का?

डेसिबल_सातपूर:
पुसू नका भाऊ, जाळीला हातच लावू नका. पडदा जेमतेम काही मायक्रॉनचा, मागच्या प्लेटपासून त्याचं अंतर साधारण 20 मायक्रॉन. बोळ्याचा एक तंतू आत अडकला तरी माइक गेला. एअर गन तर विसराच. जाळीवर चुरा असेल तर माइक खाली तोंड करून धरा आणि मऊ, कोरड्या ब्रशने बाहेरूनच झटका.

चटचट आणि शांत खोलीतला चढलेला आकडा, दोन्ही एकत्र म्हणजे बहुतेक ओल. एसी ऑफिसातलं गार मीटर दमट शॉपमध्ये उघडलं की गार पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो, तसं पडद्याला होतं. मीटर बंद करा, माइकवरचा फोम (वारा अडवणारी टोपी) काढा, सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. जेल रंग बदललेलं असेल तर आधी ते तापवून कोरडं करा, नाहीतर डबा नुसताच डबा. ड्रायर, बल्ब, ऊन यातलं काही नको. सकाळी केस न उघडता अर्धा तास शॉपमध्ये राहू द्या, मग मीटर चालू करा.

मीटर ॲडजस्ट न करता आकडा 94 ला परतला तर ओलच होती. कोरडं होऊनही 93.2 राहिलं तर ॲडजस्ट करून झाकू नका, लॅबला पाठवा.

रीडिंग धरू नका. मोजणीच्या आधी-नंतरच्या कॅलिब्रेशनमधला फरक 0.5 डीबीपेक्षा जास्त असेल तर आयएसओ 9612 (कामाच्या जागचा आवाज मोजायचं मानक) प्रमाणे ती मालिका बाद.

माइकवाला_सिन्नर:
माइकला दोष देण्याआधी कॅलिब्रेटर बघा. सेल उतरलाय का, ओ-रिंग कडक झाली का, अर्ध्या इंचाचा ॲडॅप्टर पूर्ण बसतोय का. माइक हळूहळू फिरवत आत घाला, काढतानाही तसंच. खटकन दाबला की कोंडलेली हवा पडद्यावर जोर देते. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

कोणाकडे 250 हर्ट्झचा पिस्टनफोन (पिस्टन हलवून आवाज काढणारा कॅलिब्रेटर) असेल तर नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे हे विसरू नका. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे छापील पातळीतून साधारण 0.6 डीबी वजा होतात. नेमका आकडा बॅरोमीटरवरून घ्या. फीडबॅक असलेल्या (स्वतःची पातळी मोजून सावरणाऱ्या) 1 किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेटरला हा प्रश्न सहसा येत नाही.

प्रेसशॉप_अंबड:
सेल नवा टाकला, रिंग ठीक आहे, तरी 93.2 च. आज डब्यात ठेवतो. फोमला ऑइल मिस्ट लागून तो चिकट झालाय, त्याचं काय? डोसीमीटरही (कामगाराच्या अंगावर लावायचं आवाज मोजायचं यंत्र) त्याच डब्यात चालेल?

डेसिबल_सातपूर:
फोम कोमट पाणी आणि सौम्य साबणात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा. ओला फोम माइकवर चढवलात तर सगळी मेहनत पाण्यात. बोटाने चोळल्यावर भुकटी पडत असेल तर फेकून द्या, तीच भुकटी जाळीत जाते.

डोसीमीटर चालेल, सेल काढून ठेवा. केबल माइकच्या मुळाशी दुमडू नका, तिथेच आतून तुटते आणि तीही चटचटच करते.