बडोद्यात परमिट दारूला पण लागतं आणि घर विकायला पण

मोकळा माणूस
सरळच लिहितो, म्हणजे शिव्या द्यायला सोपं जाईल. मोठा झालेला माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरात, दुसऱ्याला त्रास न देता जे काय करतो त्यात सरकारचं काही काम नाही. बस, एवढंच माझं राजकारण. पण हे इथे बोललं की पहिला प्रश्न, भाऊ पितोस का? नाही पीत, आणि प्यायलो असतो तरी मुद्दा तोच राहिला असता.

दारूबंदीचा कायदा १९४९ चा, मुंबई राज्याचा. १९६० ला गुजरात वेगळं झालं, महाराष्ट्रात तो ढिला पडत गेला, आपल्याकडे कडकच राहिला. हेल्थ परमिट, म्हणजे तब्येतीसाठी प्यायचा परवाना, पाहिजे तर चाळिशी उलटलेली पाहिजे, वर डॉक्टरचा कागद. आणि २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, म्हणजे फायनान्स कंपन्यांच्या नव्या शहरात, काम करणाऱ्यांना तिथल्या हॉटेलात प्यायची सूट दिली. म्हणजे काचेच्या बिल्डिंगमध्ये बसणाऱ्याचं लिव्हर वेगळं आणि मकरपुरा जीआयडीसीत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, लेथ चालवणाऱ्याचं वेगळं का?

दुसरं, अशांत धारा. १९९१ चा कायदा. जो एरिया दंगलींमुळे अशांत म्हणून जाहीर झालाय तिथलं घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते. मूळ कायद्यात बघायचं काय तर विक्री राजीखुशीने होतेय ना आणि किंमत वाजवी आहे ना. पण खरी अडचण कुठे येते ते सगळ्यांना माहितेय, गिऱ्हाईकाचं आडनाव वाचून धर्म कळला की. आमच्या आत्याचं पोळीतलं, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीतलं, घर रिकामं पडलंय, देवघर सुद्धा मुलाकडे हलवलं, जिन्यात कबुतरं झालीत, आणि ती दर वेळेस लाइटबिल भरतेय कारण मीटर काढलं तर गिऱ्हाईक काय बघणार. विकणारा राजी, घेणारा राजी, मग तिसरा कोण मधे?

वाडीची सून
"दुसऱ्याला त्रास न देता" हे किती सहज लिहून टाकलंत हो. माझं माहेर जळगावकडचं, तिथे दारूचं दुकान उघडं होतं. पगाराच्या दिवशी आई कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहायची, वडील मागच्या दाराने निघायचे, मग आम्ही महिनाभर किराणावाल्याला तोंड चुकवायचं. ते पण स्वतःच्याच पैशाने पीत होते ना? इथे लग्न होऊन आले तेव्हा रात्री दहाला एकटी स्कूटरवर घरी येऊ शकते याचंच नवल वाटलं होतं. मिळते इथे पण, माहितेय मला, पण चोरून मिळणं आणि नाक्यावर पाटी लावून मिळणं यात फरक आहे, तो तुम्हाला दिसणार नाही.

रावपुरेकर
ताई, तुमचं पटतं पण अर्धंच. चोरून मिळते म्हणूनच तर लठ्ठाकांड होतात ना, विषारी दारूने माणसं मरतात. २००९ ला अहमदाबादला १०० च्या वर माणसं गेली, २०२२ ला बोटादकडे ४० च्या वर. बोटादला तर फॅक्टरीतलं मिथेनॉल होतं सरळ. मेले ते सगळे पोटलीवाले, पिशवीतली स्वस्त दारू पिणारे, पैसेवाला दमणला नाहीतर आबूला जाऊन येतो, त्याला काही होत नाही. २००९ नंतर अशी दारू बनवणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा आणली, तरी २०२२ झालंच.

सयाजीप्रेमी
मोकळे भाऊ, तुम्ही हे सगळं शुद्ध मराठीत, जोडाक्षरं न चुकवता लिहिताय ते कोणाच्या कृपेने? सयाजीराव महाराजांनी १९०४ ला बालविवाहाविरुद्ध कायदा केला, १९०६ ला सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत नाही आलं तर बापाला दंड. दंड!! तेव्हा तुमच्यासारखे असते तर म्हणाले असते माझी पोरगी, माझं घर, सरकार कोण. पुष्कळ म्हणत पण होते. जबरदस्ती झाली म्हणून आपल्या आज्या वाचायला शिकल्या.

मोकळा माणूस
@सयाजीप्रेमी पोरगी ही बापाची वस्तू नाही, ती वेगळी व्यक्ती, म्हणून बापाला अडवणं मला चालतं. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की हे तत्त्व मुलांना लागू नाही. पन्नाशीच्या माणसाला मूल समजू नका एवढंच म्हणतोय. आणि महाराज चांगले निघाले हे आपलं नशीब हो, कायदा नशिबावर नसतो चालवायचा.

@वाडीची सून मारहाण झाली, घरखर्च बुडवला, तर त्याला धरा, कडक धरा. पण त्याच्यासाठी सगळ्या राज्याला गेटवर उभं करू नका.

वाडीची सून
धरा म्हणे! कोण धरणार? आईने तक्रार करायची, आणि संध्याकाळी त्याच घरात परत जायचं?

नवापुऱ्याचा नातू
सगळे सरकार सरकार करताय म्हणून एक आपल्याच गावचं सांगतो. १९१७. बाबासाहेब कोलंबियाहून शिकून बडोद्याच्या नोकरीत आले, ते पण राज्याच्याच स्कॉलरशिपचा करार होता म्हणून. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, रोजचे दीड रुपये भरून. पैसे देणारा राजी, घेणारा राजी, मोकळ्या भाऊंच्या भाषेत चोख सौदा. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन आले. कुठल्या कायद्याने काढलं त्यांना? कुठल्याच नाही. समाजाने काढलं.

मोकळा माणूस
काठी घेऊन येणं हा गुन्हाच आहे, तो अडवणं हेच तर सरकारचं एकमेव काम, आणि तेच झालं नाही. सरकारचं पण बघ ना जरा, राज्याचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ऑफिसात लांबून फायली फेकणारे शिपाई पण सरकारी पगारावरचेच होते.

नवापुऱ्याचा नातू
बरं, काठ्या सोड. त्यानंतर ते दोन मित्रांकडे गेले, एक हिंदू एक ख्रिश्चन, दोघं शिकलेले. एक म्हणाला नोकर सोडून जातील, दुसऱ्याने बायकोचं कारण काढलं. इथे काठी नव्हती, सरकार नव्हतं, ज्याचं त्याचं घर आणि ज्याची त्याची मर्जी. मग कमाटीबागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट बघितली. तुझ्या तत्त्वात या दोघांचं चुकलं का नाही ते सांग.

मोकळा माणूस
चुकलं. शंभर टक्के चुकलं, मी त्यांना नालायक म्हणेन, आयुष्यभर तोंड बघणार नाही. पण जेलमध्ये नाही टाकणार. कोणाला घरात घ्यायचं हे पोलिसाने ठरवायला लागलो तर उद्या तोच पोलीस कोणाला घ्यायचं नाही हे पण ठरवेल. अशांत धारा दुसरं काय आहे?

नवापुऱ्याचा नातू
नालायक म्हटल्याने त्या रात्री झोपायला खोली मिळाली असती का? वाळीत टाकायला आपल्याकडे कधी सरकार लागलं नाही भाऊ, पंच पुरायचे. म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ ला बहिष्काराविरुद्ध कायदा करायला लागला. एक मित्र नाही म्हणाला तर मर्जी, सगळं गाव नाही म्हणालं तर त्याला काय म्हणायचं?

रावपुरेकर
हे बाकी खरंय. आमच्या सोसायटीत अंडी खाणाऱ्याला फ्लॅट भाड्याने देत नाहीत, कुठे लिहिलेलं नाही, ब्रोकरच फोनवर विचारून घेतो.

जुना पोळकर
दारूचं परमिट काढून टाका, काही हरकत नाही. अशांत धाऱ्याला हात लावायचा नाही. पोळीत एक घर गेलं की पुढची चार पाण्याच्या भावात विकायला लागतात, १९६९ आणि २००२ च्या दंगली बघितलेल्यांना विचारा. तुमच्या आत्यांना मुलगा आहे, दुसरं घर आहे. शेजारच्यांचं काय?

मोकळा माणूस
काका, भीतीने विकतोय का हे कलेक्टरने बघावं, जरूर बघावं, कायद्यात लिहिलेलंच ते आहे. पण बाटलीला स्वातंत्र्य आणि घराला पहारा, हे नाही समजलं. शेजाऱ्याच्या भावाची काळजी असेल तर शेजाऱ्याने जास्त बोली लावून घर घ्यावं. आत्या तयार आहे.

जुना पोळकर
पैसे कोणाकडे आहेत बाबा इतके.

नवापुऱ्याचा नातू
@मोकळा माणूस एकच विचारतो. आत्याचं जे गिऱ्हाईक अडलंय, ते उद्या तुझ्याच सोसायटीत फ्लॅट बघायला आलं आणि कमिटीने मीटिंग बोलावली, तर?

मोकळा माणूस
मी त्याच्या बाजूने मत देईन. जाहीर. पण कमिटीचा नाही म्हणायचा हक्क पण काढून घेणार नाही.

नवापुऱ्याचा नातू
ठीक. मीटिंग झाली की तुझ्या बाजूने किती हात वर आले ते इथेच लिही, मग बोलू.