चालढकल आणि स्वतःच ठरवलेली तारीख : तुमचे अनुभव सांगा

माझी मुलगी बारावीत आहे. अभ्यासात चांगली, पण रसायनशास्त्राच्या जर्नलचं जूनपासून भिजत घोंगडं. ओरडून झालं, समजावून झालं. परवा रडत म्हणाली, "आई, मला करायचं असतं गं, पण वही उघडली की पोटात गोळा येतो." हा आळस नाही, हे तेव्हा कळलं. तुम्ही अभ्यास का पुढे ढकललात? स्वतःच तारीख ठरवून घेतलीत तर ती पाळली गेली का? जमलं नाही तेही लिहा.

मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिक
सबमिशनच्या आदल्या रात्री आमचं अख्खं होस्टेल जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायचं. पुस्तकांच्या दोन चळतींवर काच, खाली टेबललॅम्प, काचेवर कुणाची तरी पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी. काच तापायची, घामेजलेल्या हाताने शिसं फरपटायचं. पहाटे चारला डोळे चुरचुरत झोपायचं.

तिसऱ्या सेमिस्टरला मी ठरवलं, दर शनिवारी मशीन ड्रॉइंगची एक शीट. कॅलेंडरवर लाल गोल केले. दोन शनिवार पाळले, तिसऱ्याला मॅच होती. तारीख मोडली आणि कुणी विचारलंही नाही. खोट तिथेच होती. मग रूममेटशी ठरवलं : शनिवारी संध्याकाळी सहाला दोघांनी आपापली शीट घेऊन मेसच्या टेबलावर यायचं, अर्धी असली तरी. त्या सेमिस्टरला मी एकदाही जीटी मारली नाही. आणि स्वतः काढायला बसल्यावर लक्षात आलं, मला सेक्शनल व्ह्यू (वस्तू कापली तर आतून कशी दिसेल ती चित्रं) मुळात समजलेच नव्हते. म्हणून टाळत होतो. ताई, मुलीला एकदा विचारा, नेमकं काय अडतंय.

मानसशास्त्राच्या प्राध्यापिका
डॅन अरिएली आणि क्लाउस वर्टेनब्रोख यांचा एमआयटीतला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. एका वर्गाला तीन निबंधांसाठी सारख्या अंतराच्या तारखा दिल्या, दुसऱ्याला स्वतः तारखा ठरवायला सांगितलं. उशीर झाला तर दिवसाला १ टक्का गुण कमी. तिन्हींसाठी सत्राचा शेवटचा दिवस घ्यायची मुभा होती, तरी बहुतेकांनी स्वतःला त्याआधीच्या तारखा बांधून घेतल्या. म्हणजे आपला स्वभाव मुलांना ठाऊक असतो! गुण मात्र ठरवून दिलेल्या तारखांच्या वर्गाला जास्त मिळाले. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तारखांचा फायदा दिसला असंही नाही. मी आता वर्गात तारखा मुलांना सुचवू देते, पण फळ्यावर लिहून सगळ्यांसमोर पक्क्या करते. कोरी मुभा देत नाही.

स्पर्धा परीक्षा, पुणे
माझा अनुभव वेगळा. राज्यसेवा पूर्व ५ एप्रिल २०२०ला होती. करोना आणि इतर कारणांमुळे पुढे जात जात २१ मार्च २०२१ला झाली. दर वेळी मी नवं वेळापत्रक आखलं. चार रंगांची पेनं, पट्टी, तक्ता भिंतीवर. तक्ता सुंदर व्हायचा आणि राज्यघटनेचं पुस्तक तसंच राहायचं. तारखा आखणं हीच माझी चालढकल होती. शेवटी तक्ता फाडला आणि अभ्यासिकेत सकाळी सातला जागेवर बसणं एवढंच धरलं.

पीएचडी, मराठी विभाग
ओव्यांवरच्या प्रकरणाचं पहिलं पान मी अकरा वेळा लिहिलं. चांगलंच व्हायला हवं, ही भीती. आता महिन्याच्या पंधरा तारखेला असेल तसा मजकूर मार्गदर्शक बाईंना पाठवते. त्या लाल शाईत खुणा करतात, मला हायसं वाटतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला विचारलं. टायट्रेशनची गणितं अडत होती, ती चुकतील म्हणून पुढचे प्रयोगही तसेच पडले होते. तारीख तिनेच ठरवली, बुधवार. मी एवढंच विचारलं, "किती वाजता बसू शेजारी?" काल साडेनऊला मी मटार सोलत बसले आणि तिने दोन प्रयोग लिहून काढले. पुढचा बुधवारही तिनेच सांगितला आहे.