भुंग्यांवर फवारा कशाला?
काळे भुंगे, म्हणजे लाकडात बोगदा करणाऱ्या मोठ्या माश्या, लाकूड पोखरतात म्हणून त्यांच्यावर कीटकनाशकाचा फवारा मारा, असा सल्ला कुणी दिला, तो काही पटला नाही. पोखरतात हे खरं, पण लाकूड खात नाहीत. अंडी घालायला बोगदा करतात, तोही शक्यतो वाळक्या, रंग न दिलेल्या लाकडात. मांडवाच्या वाशांना रंग द्या आणि शेवग्याची एखादी वाळकी फांदी त्यांच्यासाठी राहू द्या.

फाल्गुनात शेवगा, गिरिपुष्प फुललं की ते येतातच, पण खरी गंमत वांग्याच्या फुलावर. भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, गुणगुण एकदम चढते आणि परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतून पिवळी पूड त्याच्या पोटावर सांडते. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. थंड देशांत हरितगृहातल्या टोमॅटोसाठी याच कामाला बंबलबी नावाच्या केसाळ माश्या मुद्दाम पाळतात. त्या आपल्याकडे हिमालयात. नाशिकच्या परसात हे काम काळा भुंगा फुकटात करतो, आणि आपण त्याच्यावर फवारा मारणार!