नवखे हात आणि ताकदवान गाडी : तुमचे अनुभव

दूरचा_प्रवासी
काल भाच्याने व्हिडिओ पाठवला. मित्राच्या मोठ्या भावाची स्पोर्ट्स कार, स्टिअरिंगवर हा. लायसन्स मिळून पाच महिने झालेत. खाली लिहिलंय, "मामा, काय पिकअप आहे बघ!" मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

एकवीस वर्षं झाली. आम्ही दोघे तेविशीतले. गाडी मित्राच्या काकांची, ताकद सगळी मागच्या चाकांना. पाऊस नुकताच थांबला होता. वळणाच्या मध्यावर त्याने अॅक्सिलरेटरवर पाय थोडा जास्त दाबला, मागचा भाग बाहेर सरकायला लागला, आणि घाबरून त्याने पाय झटक्यात उचलला. पुढच्या काचेतून मला आधी रस्ता दिसला, मग झाडं, मग आम्ही ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता. मग डावी बाजू कठड्यावर गेली. त्याच्या मांडीचं हाड मोडलं, माझ्या तीन बरगड्या. काच उरलीच नव्हती, पण वायपर चालू होते, मोकळ्या हवेत इकडून तिकडे. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर हात घालून ते वायपर बंद केले. तो शेजारी कण्हत होता आणि मी वायपर बंद करत होतो.

मित्र बेफिकीर नव्हता हो. साधी गाडी दोन वर्षं नीट चालवत होता. म्हणूनच भाच्याला काय सांगू ते सुचत नाहीये. तुमचे अनुभव लिहा. हा धागा त्यालाच वाचायला देणार आहे.

अबोली
बापरे. वायपरचं वाचून अंगावर काटा आला. आता कसे आहात दोघे?

मन्या_गॅरेजवाला
फोनवरून लिहितोय, चुका पोटात घाला. आमच्याकडे अशा गाड्या टो होऊन येतात तेव्हा मी आधी ओडोमीटर बघतो. एकदा ३४० किमी होते. फक्त ३४०. टायरवरची रबराची केसं सुद्धा पुरती गेली नव्हती. नवे टायर सुरुवातीचे काहीशे किमी नीट पकडत नाहीत हे कुणी सांगतच नाही. स्पोर्ट्स कारचे उन्हाळी टायर सात अंशांच्या खाली गेलं की कडक होतात, ते वेगळंच. पहाटे थंडीत गाडी काढली, पहिल्याच वळणावर दाबली, की कथा संपली.

प्रवासी, तुमच्या मित्राने पाय उचलला तिथेच घात झाला. पाय झटक्यात उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि इंजिनाचा ब्रेक लागतो तोही त्याच हलक्या झालेल्या चाकांना. मन सांगतं उचल, गाडीला हवं असतं हळूहळू सोड. हे वाचून येत नाही, हाताला सवय लागावी लागते.

रेतीघड्याळ
मन्याभाऊ, इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे असलं की हेच दुप्पट होतं ना?

मन्या_गॅरेजवाला
होय, बरोबर. १९७५ ची पोर्शे ९११ टर्बो घ्या. तीन लिटर, २६० अश्वशक्ती, आजच्या मानाने काहीच नाही. पण इंजिन पार शेपटाशी आणि टर्बो जुन्या पद्धतीचा. दाबलं तर काही क्षण काहीच होत नाही, माणूस आणखी दाबतो, मग सगळी ताकद एकदम येते. तीही नेमकी वळणात. लोकांनी तिला 'विधवा करणारी' असं नाव ठेवलं होतं. १९९२ ची डॉज व्हायपर तशीच, आठ लिटर, ४०० अश्वशक्ती आणि एबीएससुद्धा नाही, म्हणजे जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. चूक केली की पदरात घेणारं काहीच नाही. गिऱ्हाईक आलंय, नंतर येतो.

निळीशाई
मी हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. ड्यूटी संपली, बसची वाट बघत लिहितेय.

ही मुलं शुद्धीवर आली की पहिलं विचारतात ते शेजारच्या सीटवरच्याबद्दल. गाडीचं नंतर. आणि जवळजवळ सगळी म्हणतात, "सिस्टर, मी फक्त एकदा दाबून बघितलं." एकाने हे तीन रात्री सांगितलं, दर वेळी माझा हात धरून. शेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण होती. ती वाचली, पण कॉलेजचं ते अख्खं वर्ष आमच्याच वॉर्डात गेलं. तो रोज व्हीलचेअर ढकलत तिच्या खाटेपर्यंत यायचा आणि दाराशीच थांबायचा. आत यायला त्याला आठ दिवस लागले.

प्रवासी, तुमच्या भाच्याला एवढंच विचारा, शेजारी कोण बसतं?

अबोली
निळीशाई, डोळे भरून आले गं.

उनाड_वारा
माझं स्पोर्ट्स कारचं नाही, पण सांगतो. बहिणीची नवी इलेक्ट्रिक गाडी, मी पार्किंगमधून काढत होतो. इलेक्ट्रिकमध्ये पूर्ण जोर शून्यापासूनच मिळतो, इंजिन चढायची वाट बघावी लागत नाही. आवाजही नाही, त्यामुळे कानाला काही कळत नाही. ब्रेकऐवजी दुसऱ्यावर पाय गेला. तीन मीटरवर भिंत होती. तिथून पाय उचलायलाही वेळ मिळाला नाही. ताई धावत आली आणि गाडीकडे न बघता माझं डोकं चाचपायला लागली. एअरबॅगच्या पावडरीने मी पांढराफटक झालो होतो, तिला वाटलं मला काहीतरी झालंय.

सांजवेळ
उनाड, ताईला नमस्कार सांगा माझा.

माझा अनुभव जरा वेगळा आहे. नवऱ्याने जास्त ताकदीची गाडी घेतली तेव्हा मी हट्ट धरला की आधी दोघांनी शिकायचं. मोकळं डांबरी मैदान, पाणी मारून ओलं केलेलं. शिकवणारे सर शेजारी बसून म्हणाले, वळणात पाय उचला. उचलला, गाडी फिरली. पुन्हा. अकरा वेळा फिरली, मी मोजलं. वेग किती? ताशी चाळीस! मला वाटायचं असं फक्त दीडशेला होतं. बाराव्या वेळी पाय हळू सोडला, नजर जिकडे जायचंय तिकडे ठेवली आणि हात आपोआप उलट वळले. त्या दिवसापर्यंत मी सतरा वर्षं गाडी चालवत होते, आणि हे मला माहीतच नव्हतं.

(मुलगी उठली, बाकीचं नंतर.)

कोपऱ्यातला_दिवा
माझा भाऊ. १९९८. मला अजून लिहिता येत नाही. सगळं वाचतेय.

दूरचा_प्रवासी
दिवा, नका लिहू. नुसत्या असा इथे.

निळीशाई
आम्ही आहोत गं.

रेतीघड्याळ
🙏

परदेशी_पाखरू
ऑस्ट्रेलियाबद्दल सांगते, कारण तिथे कायद्यानेच हे मान्य केलंय. न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यांत नव्या चालकांना टनामागे १३० किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. साउथ ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०२४ पासून अतिशय ताकदवान गाड्यांसाठी लायसन्सचा वेगळा वर्ग काढलाय, टनामागे २७६ किलोवॅट आणि त्यावर. आणि अशा गाडीत सुरक्षेची यंत्रणा मुद्दाम बंद करणं हाही गुन्हा.

हे आलं कशातून? २०१९ मध्ये तिथल्याच अॅडलेडला एका लॅम्बोर्गिनीने रस्त्यालगत असलेल्या १५ वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. तिचे आईवडील वर्षानुवर्षं कायद्यासाठी झगडले. मला ते आईवडील डोळ्यांसमोरून जात नाहीत. आपण इथे सगळे गाडीच्या आतल्यांबद्दल बोलतोय, म्हणून मुद्दाम लिहिलं.

उनाड_वारा
हे माहीतच नव्हतं. मोटारसायकलला सीसीप्रमाणे टप्पे असतात कितीतरी देशांत, मग गाडीला का नकोत?

नुसता_वाचक
सगळं नवख्यांवर ढकलू नका. 'फास्ट अँड फ्युरियस' सिनेमांतला नट पॉल वॉकर गेला ३० नोव्हेंबर २०१३ ला, पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये. तो शेजारी बसला होता. चालवणारा मित्र शर्यतीत उतरणारा, अनुभवी. ताशी ७२ किमीची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी १३० ते १५० ने होती, टायर नऊ वर्षं जुने. त्या गाडीला ६०० च्या वर अश्वशक्ती आणि ईएससी (गाडी निसटायला लागली की सावरणारी यंत्रणा, काही कंपन्या हिलाच ईएसपी म्हणतात) नाहीच.

मन्या_गॅरेजवाला
बरोबर बोललात. म्हणून तर जीव तुटतो. अनुभवी माणसाला जी गाडी सोडत नाही, ती पाच महिन्यांच्या पोराच्या हाती. टायरला पकड राहिली असं वाटतं, पण रबर वयाने कडक होतं, नक्षी कितीही शिल्लक असो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. जुनी स्पोर्ट्स कार हातात घेणाऱ्याने ते आधी वाचावेत.

अबोली
मन्याभाऊ, ते ईएसपीचं बटण आमच्या गाडीत पण आहे. एकदा दाबलं तर पूर्ण बंद होतं का?

मन्या_गॅरेजवाला
ताई, बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी फिरू न देणारं) सुटतं, काही सेकंद दाबून धरलं की सगळंच. गाडीगणिक वेगळं असतं, पुस्तिका बघा. आणि मुळात हात लावूच नका. गाडी निसटायला लागली की ती यंत्रणा एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक मारते. तुमच्याकडे पेडल एकच, एकेका चाकाचा ब्रेक माणसाला कधीच मारता येणार नाही. पोरं व्हिडिओसाठी पहिलं तेच बटण दाबतात.

रेतीघड्याळ
प्रवासी, विषय सोडून विचारतो. बरगड्या थंडीत अजून दुखतात का? माझ्या दोन मोडल्या होत्या, जिन्यावरून पडून. शिंक आली की आजही हात आपोआप तिथे जातो.

दूरचा_प्रवासी
दुखतात. शिंकेचं अगदी खरं! उशी पोटाशी धरून शिंकायचं, हे मित्राच्या आईने शिकवलं होतं. दोघांचं सगळं तिनेच केलं. मला एकदाही बोलली नाही, "तू त्याला सांगायचं होतंस." मी सांगितलं नव्हतं. "अजून थोडं" असं मीच म्हणालो होतो. हे इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा लिहिलं.

कोपऱ्यातला_दिवा
प्रवासी, माझ्या भावाच्या शेजारी बसलेला मुलगा दरवर्षी आईला भेटायला येतो. तोही असंच काहीतरी म्हणाला होता. आई म्हणाली, तू येत राहा.

निळीशाई
❤️

दूरचा_प्रवासी
भाच्याने सगळं वाचलं. फोनवर बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "मामा, वायपर का बंद केलेस?" मला उत्तर देता आलं नाही. रविवारी येतोय म्हणाला, मित्रालाही आणतोय. सांजवेळ, ते ओल्या मैदानाचं राहिलंय. सरांनी आधी काय शिकवलं, सगळं क्रमाने लिहाल का?

सांजवेळ
लिहिते. मुलगी झोपली की बसतेच.